शफलटनचं सलून नक्की कुणाचं? एका चित्राच्या विक्रीचं प्रकरण

एखाद्या चित्रकारानं आपल्या भागातल्या म्युझियमला चित्र भेट दिलं, म्युझियमनं ते आनंदानं घेतलं, साठेक वर्षं सांभाळलं, आणि मग एक दिवस पैसे कमी पडतायत म्हणून लिलावाला काढलं, तर ते चित्र नक्की कुणाचं म्हणायचं? कागदावर म्युझियमचं, हे मलाही कळतं. पण २०१७-१८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला याच प्रश्नावरून मोठं रामायण झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, अख्खं गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. मी तेव्हा त्याच राज्यात राहत होते, रोज पेपरात वाचत होते, आणि नंतर ते चित्र डोळ्यांनी पाहिलंही. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून नीट लिहून काढतेय, कारण याबद्दल बोलताना लोक एकतर म्युझियमला चोर म्हणतात नाहीतर विरोध करणाऱ्यांना भावनेच्या भरात वाहून गेलेले म्हणतात, आणि माझ्या मते दोन्ही चूक आहे.

आधी चित्र बघू, कारण त्याशिवाय एवढा आरडाओरडा कशासाठी ते कळणारच नाही.

चित्राचं नाव 'शफलटन्स बार्बरशॉप', चित्रकार नॉर्मन रॉकवेल, साल १९५०, कॅनव्हासवर ऑइल, उंची जवळपास चार फूट. रॉकवेल तेव्हा व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावात राहायचा, आणि शेजारच्या ईस्ट आर्लिंग्टनमध्ये रॉब शफलटन नावाच्या माणसाचं सलून होतं, रॉकवेल स्वतः तिथं केस कापायला जायचा. म्हणजे हे काही कल्पनेतलं दुकान नाही, रोजच्या बसण्याउठण्यातलं आहे.

आपण रस्त्यावर उभे आहोत आणि दुकानाच्या काचेतून आत बघतोय. दुकान बंद झालंय. पुढची खोली अंधारात, मधोमध केस कापायची ती जड खुर्ची रिकामी, एका बाजूला शेगडी आणि तिच्यात अजून लाल निखारा दिसतोय, कॉमिक्सची मासिकं लावलेला रॅक, झाडू, आणि एक मांजर. मागच्या खोलीचं दार उघडं आहे, तिथं पिवळा उजेड, आणि त्या उजेडात दिवसभराचं काम संपवून म्हातारी मंडळी वाजवत बसलीत, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट. बस. एवढंच आहे चित्रात. कुणी आपल्याकडे बघत नाही, कुणाला आपण बाहेर उभे आहोत हे माहीतच नाही.

पण जवळ जाऊन पाहिलं ना, की कळतं या माणसानं किती मेहनत घेतलीय. बाहेरच्या काचेला खालच्या बाजूला एक तडा गेलाय, आणि तो तडा असा रंगवलाय की बोट लावलं तर कापेल. मागच्या खोलीतला उजेड दाराच्या कडेवरून पुढच्या अंधारात घरंगळत येतो आणि वाटेत जे जे लागेल त्याच्या कडेला थोडा थोडा चिकटतो, पुढे पुढे नुसती वस्तूंची चाहूल राहते. रॉकवेलची पद्धत अशी होती की आधी माणसं, सामान, जागा यांचे ढीगभर फोटो काढून घ्यायचे, मग कोळशानं पूर्ण आकाराचं रेखाटन, मग रंगाचा छोटा कच्चा खर्डा, आणि मग कुठं कॅनव्हास. आणि हे सगळं कशासाठी तर मासिकाच्या कव्हरसाठी! २९ एप्रिल १९५० च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'चं कव्हर होतं हे, लाखो घरांत पोचलं, वाचलं गेलं आणि रद्दीत गेलं. मूळ चित्र मात्र राहिलं.

१९५३ मध्ये रॉकवेल व्हरमाँट सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला आला आणि १९७८ मध्ये जाईपर्यंत तिथंच राहिला. तिथून वीसेक किलोमीटरवर पिट्सफील्ड शहर, त्या शहरात बर्कशायर म्युझियम. १९५० च्या दशकाच्या शेवटी रॉकवेलनं हे चित्र त्या म्युझियमला दिलं, आणि पुढे १९६६ मध्ये अजून एक दिलं, लोहारकामाचं, 'ब्लॅकस्मिथ्स बॉय', १९४० सालचं, दोन लोहार घोड्याचे नाल ठोकायच्या शर्यतीत उतरलेत आणि भोवती गर्दी जमलीय असं. दोन्ही चित्रं कष्टकरी माणसांची, दोन्ही त्यानं आपल्या परिसरातल्या लोकांना दिलेली. त्या काळात त्यांना बाजारात काय किंमत होती हे विचारायचंच नाही, कारण रॉकवेलला तेव्हा मोठे समीक्षक चित्रकार मानायलाच तयार नव्हते, कव्हरं काढणारा माणूस म्हणायचे.

आता म्युझियमची बाजू, आणि ती मी मनापासून लिहितेय.

बर्कशायर म्युझियम १९०३ मध्ये झेनास क्रेन या कागद कारखानदारानं उभं केलं. हे तेच क्रेन घराणं ज्यांनी उभारलेल्या कारखान्यातून अमेरिकन नोटांचा कागद येतो. म्युझियम एकाच विषयाचं नाही, एका मजल्यावर चित्रं तर दुसरीकडे मत्स्यालय, ममी, दगड, प्राणी, शाळेच्या पोरांच्या सहलीसाठी एकदम झकास. पण पिट्सफील्ड हे जनरल इलेक्ट्रिकच्या जिवावर जगलेलं शहर. ट्रान्सफॉर्मरचा तो मोठा कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला आणि शहर सुकत गेलं, १९७० मध्ये ५७ हजार वस्ती होती ती २०१० पर्यंत ४५ हजारांच्या आत आली. नोकऱ्या गेल्या, पैसेवाले गेले, आणि जे देणगीदार पिढ्यानपिढ्या म्युझियमला हात देत होते तेही कमी झाले. म्युझियमचं म्हणणं असं की दरवर्षी दहा लाख डॉलरच्या वर तूट येतेय आणि असंच चाललं तर आठेक वर्षांत कुलूप लावावं लागेल. यावर पुढे बरेच वाद झाले, काही लोकांनी आकडे तपासून तूट इतकी नाही असं म्हटलं, पण खड्डा होता हे कुणीच नाकारलं नाही.

१२ जुलै २०१७ ला म्युझियमनं जाहीर केलं की ६ कोटी डॉलरची नवी योजना आणतोय, २ कोटी इमारतीवर, ४ कोटी कायम ठेव म्हणून, आणि इथून पुढे भर विज्ञान आणि निसर्गइतिहासावर. यासाठी संग्रहातल्या ४० कलाकृती सदबीजच्या लिलावात विकणार. थोड्या दिवसांनी यादी आली आणि लोक हादरले, कारण त्यात रॉकवेलची दोन्ही चित्रं होती, एकोणिसाव्या शतकातले नामांकित निसर्गचित्रकार फ्रेडरिक चर्च आणि बियरश्टाट होते, शिल्पकार काल्डरची हलती शिल्पं होती. आमच्याकडे ४० हजार वस्तू आहेत, त्यातल्या फक्त ४०, असं म्युझियम सांगत होतं. पण घरातल्या शंभर भांड्यांतली एक चांदीची गेली तर नव्याण्णव राहिली असं कुणी म्हणत नाही ना.

हे नेमकं तेव्हाच का झालं याला एक कारण आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे. २००६ मध्ये रॉकवेलचं 'ब्रेकिंग होम टाइज' हे चित्र १ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं. मग डिसेंबर २०१३ मध्ये 'सेइंग ग्रेस' तब्बल ४ कोटी ६० लाखांना गेलं. ज्याला आयुष्यभर कव्हरवाला म्हणून हिणवलं त्याचं एक चित्र एका शहराच्या म्युझियमचं अंदाजपत्रक भागवू शकेल इतकं महाग झालं. शफलटनचा अंदाज सदबीजनं २ ते ३ कोटी डॉलर लावला होता. म्हणजे ट्रस्टी मंडळी जेव्हा भिंतीकडे बघत होती तेव्हा त्यांना सलून दिसत नव्हतं, मुदत ठेव दिसत होती. माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही, घर चालवायची चिंता डोक्यात असली की दागिना असाच दिसायला लागतो.

पण म्युझियमच्या जगात एक नियम आहे. संग्रहातली वस्तू विकायला बंदी नाही, त्याला तिकडे डीअॅक्सेशन म्हणतात, आणि दुबार वस्तू किंवा संग्रहाशी न जुळणाऱ्या वस्तू सगळेच विकतात. कलेच्या म्युझियमांसाठी तेव्हा अट एवढीच होती की आलेल्या पैशातून पुन्हा कलाकृतीच घ्यायची, वीजबिल, पगार, छताची दुरुस्ती यासाठी तो पैसा वापरायचा नाही. कारण उघड आहे, एकदा का संग्रह म्हणजे गल्ला ठरला की प्रत्येक वाईट वर्षी कुणीतरी गल्ल्यात हात घालणार, आणि पुढे देणगीदार चित्रं देणंच बंद करतील. अमेरिकेतल्या म्युझियमांच्या दोन्ही मोठ्या संघटनांनी जुलै २०१७ मध्येच एकत्र पत्रक काढून या विक्रीला विरोध केला. स्टॉकब्रिजच्या नॉर्मन रॉकवेल म्युझियमच्या संचालक लॉरी नॉर्टन मॉफॅट यांनी पेपरात लिहून सांगितलं की थांबा. शेजारच्या संस्थेनं असं जाहीर बोलणं सोपं नसतं, रोज तोंड बघायचं असतं. बर्कशायर म्युझियमनं मात्र थांबण्याऐवजी स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय म्युझियम-समूहाशी असलेली आपली संलग्नताच सोडून दिली.

मला इथं सगळ्यात जास्त जे खटकलं ते विकणं नव्हे, लपवणं. योजना ठरवायच्या आधी म्युझियमनं गावातल्या लोकांच्या बैठका घेतल्या होत्या, तुम्हाला कसं म्युझियम हवंय वगैरे विचारलं होतं, पण चित्रं विकायचा विषय त्यात काढलाच नव्हता. सदबीजशी करार आधी झाला आणि गावाला नंतर कळलं. समजा त्यांनी दोन वर्षं आधी येऊन स्पष्ट सांगितलं असतं की बाबांनो, आमच्याकडे पैसे नाहीत, रॉकवेलची दोन चित्रं जवळच्या एखाद्या म्युझियमला विकू का, कुणी मदत करतंय का, तर कदाचित चित्रं गेलीही असती, पण गाव फाटलं नसतं. लोकांना तोटा सहन होतो हो, न विचारता केलेला व्यवहार सहन होत नाही. आपल्याकडे वाटणीत हेच होतं, जमीन गेल्याचं दुःख दहा वर्षांत विरतं, पण "मला विचारलं नाही" हे तीन पिढ्या चालतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. दावा लावणाऱ्यांत रॉकवेलचे तिन्ही मुलगे होते, सगळे वयस्कर, आणि त्यांच्यासोबत गावातले काही लोक. म्युझियमचे काही सभासदही वेगळे कोर्टात गेले. मुलांचं म्हणणं साधं होतं, वडिलांनी चित्रं या भागातल्या लोकांनी बघावीत म्हणून दिली. इथं कायद्याचा जो पेच आहे तो मला आधी माहीत नव्हता आणि कळल्यावर वाईट वाटलं. एकदा भेट दिली की देणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा त्यावर हक्क उरत नाही. आणि म्युझियम ही धर्मादाय संस्था, म्हणजे ती लोकांसाठी आहे, पण त्या लोकांपैकी कुणी एक जण उठून कोर्टात दाद मागू शकत नाही, लोकांच्या वतीनं बोलायचा अधिकार फक्त राज्याच्या अॅटर्नी जनरलला, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाला. ७ नोव्हेंबरला खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशानं तेच सांगितलं आणि लिलाव थांबवायला नकार दिला.

लिलाव १३ नोव्हेंबरला होता. चित्रं न्यूयॉर्कला पोचलेली, कॅटलॉग छापलेला. मग अॅटर्नी जनरल मॉरा हिली यांच्या ऑफिसनं वरच्या कोर्टात धाव घेतली आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे फक्त तीन दिवस आधी, मनाई हुकूम मिळाला. मला आठवतंय, तो शुक्रवार होता, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी पिट्सफील्डचीच बाई बातमी वाचून टेबलावर डोकं ठेवून रडली होती. लहानपणी शाळेच्या सहलीला हे चित्र पाहिलेलं, ती म्हणाली मी त्या मांजराला नावसुद्धा दिलेलं होतं.

पुढचे तीन महिने अॅटर्नी जनरलच्या लोकांनी म्युझियमचे हिशोब, जुनी पत्रं, देणग्यांचे कागद सगळं चाळलं. आणि ९ फेब्रुवारी २०१८ ला जी बातमी आली ती विरोध करणाऱ्यांना पाठीत वार वाटली, कारण हिलींचं ऑफिस आता म्युझियमच्या बाजूनं उभं होतं. तपासात त्यांना पटलं होतं की म्युझियम खरंच अडचणीत आहे. तडजोड अशी, की विकायला परवानगी, पण टप्प्याटप्प्यानं, आणि एकूण साडेपाच कोटी डॉलर मिळाले की थांबायचं. आणि शफलटन लिलावात जाणारच नाही, तो अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका ना-नफा म्युझियमला विकायचा, ते तो लोकांसाठी खुला ठेवतील, आणि त्याआधी दीड-दोन वर्षं तो स्टॉकब्रिजच्या रॉकवेल म्युझियममध्ये लावतील. चित्र कुणाच्या बंगल्यात जाणार नाही हे नक्की झाल्यावर रॉकवेलच्या मुलांनी लढा थांबवला, सभासद मात्र विरोध करत राहिले. ५ एप्रिलला राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या न्यायाधीशांनी तडजोड मंजूर केली, आणि आठवड्याभरात कळलं की घेणारं म्युझियम म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा उभं राहत असलेलं लुकस म्युझियम, सिनेमावाल्या जॉर्ज लुकस यांचं. लुकस हे रॉकवेलचे जुने चाहते आणि संग्राहक, २०१० मध्ये त्यांच्या आणि स्पीलबर्ग यांच्या संग्रहातल्या रॉकवेलच्या चित्रांचं वॉशिंग्टनला प्रदर्शनही झालं होतं. किंमत जाहीर झालीच नाही.

बाकीचं पटकन सांगते. मे महिन्यात सदबीजमध्ये लिलाव झाले, लोहाराचं चित्र ८१ लाख डॉलरला गेलं, आणि शेवटी ४० ऐवजी २२ कलाकृती विकून ५ कोटी ३२ लाखांच्या आसपास पैसे आल्यावर विक्री थांबली. म्युझियम संचालकांच्या संघटनेनं मे २०१८ मध्येच बर्कशायरवर बहिष्कार टाकला, म्हणजे सभासद म्युझियमांनी त्यांना कलाकृती उसन्या द्यायच्या नाहीत, एकत्र प्रदर्शन करायचं नाही. विक्रीचा निर्णय रेटणारे संचालक त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. आणि दोनच वर्षांनी कोव्हिड आला, सगळीच म्युझियमं बंद पडली, तेव्हा त्याच संघटनेनं एप्रिल २०२० मध्ये स्वतःचाच नियम दोन वर्षांसाठी सैल केला, विक्रीच्या पैशातून संग्रहाची देखभाल करायला मुभा दिली. पिट्सफील्डच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल असं माझ्या मनात आलं.

तर मग कोण बरोबर? मी बराच विचार केलाय यावर. अॅटर्नी जनरलनं जे केलं ते मला तेव्हा आवडलं नव्हतं, आज वाटतं की तिच्या हातात जेवढं होतं त्यात तिनं शफलटन वाचवला. मनाई हुकूम नसता तर १३ नोव्हेंबरला फोनवर बोली लावणारा कुणीही अनामिक माणूस ते घेऊन गेला असता आणि आपण परत कधी पाहिलं नसतं. लोहाराचं चित्र तसंच गेलं. दोन्ही एकाच माणसानं एकाच संस्थेला दिलेली, एकाच भागातली, पण एकासाठी अट घातली गेली आणि दुसऱ्यासाठी नाही, का तर एक जास्त प्रसिद्ध. हे मला अजून पटलेलं नाही. आणि म्युझियम टिकलं, हेही खरंच आहे, पोरं त्यानंतरही तिथं मासे बघायला जात राहिली, ते काही कमी नाही. पण तुटीवर औषध म्हणून एकदम ६ कोटींची योजना काढणं, आणि विज्ञानाची गोडी लावायला चित्रं घालवावी लागतात असं मानणं, हे मला तेव्हाही चूक वाटलं आणि आजही वाटतं. तूट भागवायला जेवढे लागतात तेवढेच मागितले असते, शेजारच्या म्युझियमांशी आधी बोलले असते, तर चार-पाच चित्रांत भागलं असतं असा माझा अंदाज.

यात देणाऱ्यांनी धडा म्हणून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. रॉकवेलनं विश्वासानं दिलं. विकू नका, या जिल्ह्याबाहेर नेऊ नका असं स्पष्ट लिहून घेतलेलं असतं तर तो खटला वेगळा चालला असता. कुणाला आपल्या आजोबांची हस्तलिखितं, वडिलांची चित्रं, काहीही एखाद्या संस्थेला द्यायचं असेल तर देणगीपत्र लिहून घ्या आणि त्यात विक्रीबद्दलचं एक वाक्य टाकाच, हे मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

२०१८ च्या ऑक्टोबरात आमच्याकडची पंधरा-वीस मराठी माणसं दोन व्हॅन करून बर्कशायरमधले पानांचे रंग बघायला गेलो होतो, तेव्हा मी हट्टानं सगळ्यांना स्टॉकब्रिजच्या रॉकवेल म्युझियममध्ये नेलं. शफलटन तिथं होता. बाकी सगळे पुढे गेले, पण आमच्यासोबत सांगलीकडचे एक काका आलेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी, ते त्या चित्रासमोरून हलेनात. मी म्हटलं, "काका, बसायचंय का?" तर म्हणाले, "नाही गं, थांब जरा. आमच्या अण्णांचं दुकान होतं सलूनचं. रात्री शटर अर्धं ओढलेलं असायचं आणि आत पेटी, टाळ, भजन. मी बाहेरच्या पायरीवर झोपायचो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, की हे इथंच राहणार ना. मी खरं ते सांगितलं, की नाही, दोन वर्षांनी लॉस एंजेलिसला जाणार.

"लांब आहे?" काका म्हणाले. म्हटलं, विमानानं सहा तास.

तिकडं कधी गेलात आणि ते भिंतीवर लागलेलं असेल, तर आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन काचेचा तडा बघा, आणि मग त्या मागच्या खोलीतल्या लोकांकडे.